बिनविरोध

यादवीनं पोळलेल्या परदेशात लोकांना न घाबरता मत देता यावं, म्हणून शांतिसेनेत दोन वर्षं पहारा देऊन हवालदार महारुद्र लोहाऱ्याच्या स्टँडवर उतरला, तर निम्मं गाव हार घेऊन हजर.

"दादा, वैनी सरपंच झाल्या! बिनविरोध!" चुलतभाऊ वैजनाथ ओरडला.

"दुसरं कुणीच उभं न्हवतं?"

"बचत गटाची दैवशाला व्हती की. समदं गाव तिच्या दारात जाऊन बसलं. तिनं माघार घेतल्याबिगर कुणी उठलंच न्हाय."

तिकडं अशीच दारं अडवून बसलेली माणसं महारुद्रनं उठवली होती. आता त्याला फक्त घरी जाऊन पडायचं होतं.

सरपंचबाई गर्दीच्या मागं, रिकाम्या हातानं उभ्या होत्या. महारुद्रनं मान खाली केली आणि हार घालून घेतला.