मग तो कोणीही असो

“पात्यावरची जाळी मीच काढली, साहेब,” गोंदवाल्या काकू म्हणाल्या आणि फडक्याला हात पुसत उभ्या राहिल्या.

साहेबांनी डोळे मिटून घेतले. सोमवारपासून हा तिसरा कबुलीजबाब होता.

“का काढली?”

“तुकडे अडकले होते.”

“काढून ठेवली कुठे?”

“टेबलाखाली.”

काल छपाईवाल्याने ती खिडकीशी ठेवली होती. परवा बांधणीवाल्याने जिन्याखाली. जाळी एक आणि ठेवणारे तीन! खोटं बोलायचं तर निदान एकत्र बसून ठरवायचं तरी, असं साहेबांच्या मनात आलं.

“आणि तिचे चार पितळी नट?”

“हरवले बहुतेक,” काकू भिंतीकडे बघत म्हणाल्या. नटांपाशी आलं की प्रत्येकाचं घोडं अडत होतं.

पुठ्ठ्याची खोकी बनवणारा हा कारखाना साहेबांनी एकोणीस वर्षं प्रार्थनेवर चालवला होता. रोज सकाळी यंत्रं सुरू होण्याआधी सगळे गोल उभे राहत आणि साहेब प्रार्थना करत. पहिलं मागणं कामगारांच्या हातांसाठी असे. त्या हातांपायीच त्यांनी भिंतीवर नियम लिहवून घेतला होता: ‘पात्यावरची जाळी काढून यंत्र तसंच सोडणारा त्याच दिवशी घरी जाईल. मग तो कोणीही असो.’

त्या ‘कोणीही’मुळे चार वर्षांपूर्वी त्यांचा सख्खा धाकटा भाऊ घरी गेला. साहेबांनी एक रात्र गुडघ्यांवर काढली आणि सकाळी त्याच्या हातात पत्र ठेवलं. तेव्हापासून धाकटा चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसायचा आणि शेवटच्या गीताची ओळ संपायच्या आत निघून जायचा. साहेब मात्र धंदेवाल्या ख्रिस्ती मंडळींच्या सभेत ती गोष्ट सांगत. लोक माना डोलवत. खरं सांगायचं तर ते डोलणं त्यांना आवडायचंही.

आता कापायच्या यंत्रावरच्या ताईच्या दोन बोटांची टोकं गेली होती. सोमवारी पहाटेच्या पाळीला, मिणमिणत्या उजेडात, जाळी नाही हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं. मंगळवारी धाकट्याचा निरोप आला होता. एकच ओळ होती: ‘आता कोणाला काढतोस, बघतो.’

‘त्याच दिवशी’ची मुदत तर केव्हाच उलटली होती. साहेबांना जेवण जात नव्हतं. झोप तशीही महिनाभर नव्हती. मोठी ऑर्डर होती, माणसं कमी. गेल्या शनिवारी तर झाडता झाडता स्टुलावरच त्यांचा डोळा लागला होता. बायकोने फोन करून उठवलं, तेव्हा झाडू तिथेच टाकून ते घरी गेले.

शनिवारी कारखाना झाडायचा तो साहेबांनीच. सगळ्यांना लवकर घरी पाठवायचं आणि दारापासून यंत्रांच्या पोटापर्यंत सगळं स्वतः साफ करायचं. “प्रभूने शिष्यांचे पाय धुतले, मला निदान फरशी तरी झाडू द्या,” असं ते म्हणत. सुरुवातीला कामगारांना संकोच वाटला. मग सवय झाली.

दुपारी ते इस्पितळात गेले. ताईचा हात पांढऱ्या गाठोड्यासारखा उशीवर ठेवला होता.

“तुला कोणावर संशय आहे का, ताई?”

तिने बराच वेळ त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. “माझ्यासाठी कोणाला काढू नका, साहेब. आणि तुम्ही जरा झोपा. डोळे बघा कसे झालेत.”

जिची बोटं गेली तीच आपली विचारपूस करते, याने त्यांना भरून आलं. रागही आला. सगळे मिळून कोणाला तरी पाठीशी घालत होते.

परत आल्यावर त्यांनी म्हाताऱ्या मिस्त्रीला बोलावलं. सोमवारी अपघातानंतर जाळी शोधून काढली होती ती त्यानेच.

“सापडली कुठे, ते एकदा सांगून टाका.”

“होती कुठेतरी.”

“मिस्त्री, नियम सगळ्यांना एक. मी भावाला सोडलं नाही.”

“म्हणूनच म्हणतो, माझं नाव घाला,” मिस्त्री शांतपणे म्हणाला. “यंत्रं माझ्या ताब्यात. नातवंडं हाक मारतायत, जाईन त्यांच्याकडे.”

तो खोटं बोलत होता. त्याला नातवंडं नव्हती आणि या कारखान्याबाहेर माणूसही नव्हतं. पण भिंतीवरचा नियम मागे घेतला तर धाकट्याला कोणत्या तोंडाने भेटायचं? शनिवारी दुपारी साहेबांनी पत्र टाईप केलं. मिस्त्रीचं नाव घातलं. सही तेवढी राहिली. ती झाडून झाल्यावर, प्रार्थना करून करायची, असं त्यांनी ठरवलं.

सगळे गेले. मिस्त्री मात्र केबिनच्या दारात घुटमळत होता.

“आज मी झाडतो, साहेब. तुम्ही दमलाय.”

“एकोणीस वर्षांत एक शनिवार चुकवला नाही मी.”

“एक चुकला तर प्रभू रागावणार नाही. तो एप्रन द्या इकडे.”

“तुम्ही आता घरी जा, मिस्त्री,” साहेब म्हणाले. त्यांना त्याच्याकडे बघवत नव्हतं.

मिस्त्री हलला नाही. साहेबांनी दारामागच्या खुंटीवरचा जाडाभरडा एप्रन काढला. फक्त झाडण्याचा तो, शनिवारपासून शनिवारपर्यंत तिथेच लटकायचा. तो गळ्यात अडकवून त्यांनी मागे गाठ मारली, चष्मा पुसायचं फडकं काढायला खिशात हात घातला, आणि फडक्याबरोबर चार पितळी नट त्यांच्या तळहातावर आले.