वजनाआधीचं पाणी

धाकटी बाटलीत थुंकली. तोंडात थुंकी उरली नव्हती, तरी थुंकली. अंगात दोन स्वेटर, वर रेनकोट. घामानं निथळत ती कपडे बदलायच्या खोलीत येरझाऱ्या घालत होती. कालपासून पोटात अन्नाचा कण नव्हता आणि त्याचं तिला काही वाटतही नव्हतं. आज तिला जिंकायचं होतं, बस्स.

समोरच्या बाकावर तिची थोरली जाऊ पाय पसरून निवांत बसली होती. एकाच घरातल्या दोन सुना, एकाच व्यायामशाळेत जाणाऱ्या, पॉवरलिफ्टिंगच्या एकाच वजनगटात उतरणाऱ्या. "आमच्याकडे कपाट हलवायला हमाल लागत नाही," असं सासूबाई येईल त्याला सांगायच्या. संघात मात्र जागा एकच होती. गेल्या वर्षी दोघींनी अगदी सारखं लोखंड उचललं होतं. बरोबरी झाली की जिचं अंग हलकं, ती जिंकते. थोरली हलकी निघाली, अगदी जराशी. मग वर्षभर पाहुणे थोरलीची पाठ थोपटत राहिले आणि धाकटी हसऱ्या तोंडानं चहा करत राहिली.

यंदा तसं होऊ द्यायचं नाही, असं तिनं पक्कं ठरवलं होतं. सराव जोरात झाला होताच. गटाच्या मर्यादेची भीती दोघींनाही नव्हती. फक्त काट्यावर जावेपेक्षा हलकं भरायचं, की झालं.

वजन घेणाऱ्या पंचबाईंनी दारातून थोरलीला हाक मारली. थोरली उठली. तिनं पिशवीतून पाण्याची मोठी बाटली काढली, तोंडाला लावली आणि गटागटा रिकामी केली.

धाकटी बघतच राहिली. मग तिचं डोकं सणकलं.

"ताई, मला दया नकोय तुमची!"

"दया कसली? तोंड बघ जरा आरशात," ओठ पुसत थोरली म्हणाली. "अगं, गेल्या वर्षी मला काट्यानं जिंकवलं. लोकांनी कौतुक केलं की तुझ्याकडे बघायची चोरी. आता बरोबरी झाली तर तू जिंकशील. म्हणजे मला तुझ्यापेक्षा जास्तच उचलावं लागणार. आणि उचलणारच आहे मी, बघ तू!"

ती आत गेली आणि वजन देऊन ऐटीत बाहेर आली.

धाकटी रेनकोटच्या गुंड्या चाचपत उभी होती. पाहुण्यांसमोर थोरली मान खाली घालून बसायची, ते तिला आठवलं. इतके दिवस तिला तो जावेचा देखावा वाटला होता.

"चला, पुढच्या बाई," पंचबाई म्हणाल्या.

धाकटीनं रेनकोट काढला, स्वेटर काढले आणि पिशवीत हात घातला.

"एकच मिनिट हं," ती म्हणाली. "पाणी पिऊन आलेच."