न सुचलेली ओळ

रविवारी दुपारी पांढुर्ण्यातल्या त्या दोन खोल्यांत एकच वाद चालायचा: येशूची चरित्रं नक्की कधी लिहिली गेली? भूपेंद्र फोनचा स्पीकर लावून बसायचा, आणि पलीकडून फोनवरच ओळख झालेल्या, कधी न पाहिलेल्या उर्वशी मॅडम बोलायच्या. त्याची बायको अमिता झोळीतल्या बाळाला झोके देत जळत राहायची.

"सगळ्यात जुन्या हस्तलिखिताचा तुकडाही येशूनंतर कितीतरी वर्षांचा हाय, मॅडम. पुरावा कुठाय?"

"अहो, नक्कल हाती आली म्हणजे तिच्याआधी काहीतरी होतंच ना!"

दोघंही हसले.

"लगनच लावा तिच्यासंग," अमिता फणकारली.

"अवं, वाद करून राहिलो नुसता."

बाळ रडू लागलं. अमितानं सकाळीच मनात एक अंगाई रचायला घेतली होती. एक ओळ जुळली होती, दुसरी सुचत नव्हती. अजून ती कुणापुढं गुणगुणलीही नव्हती.

ती तोंड उघडणार, तोच फोनमधून हळुवार सूर आला:

"संत्र्याच्या बागंत चांदणं सांडलं..."

ही तर अमितानं सकाळी मनात जुळवलेली ओळ.

"...सोनुल्या, तुयासाठी पदरात बांधलं."

हीच ती न सुचलेली दुसरी ओळ. ऐकताक्षणी तिला पटलं.

बाळ शांत झालं. झोळीतून मान काढून त्यानं फोनकडं पाहिलं, आणि जन्मात पहिल्यांदा बोललं, "आई."