कुलूप तरी दिसू द्या

हेमलताबाईंनी खेळांच्या ऑनलाइन दुकानात पुन्हा ‘गडझुंज’ शोधला. उत्तर आलं : असा खेळ नाही. खाली नुसते फुगे फोडायचे खेळ, वय पंचाहत्तरच्या पुढे.

“नाही कसा? भिशीतली कुंदा कालच खेळली. सगळ्याजणी माझ्यासाठी खोळंबल्यात!”

“आई, तुझ्या फोनला वयोमर्यादा मी लावली,” श्रीरंग म्हणाला. “बीपी वाढतं तुझं. आणि मर्यादेबाहेरचं हल्ली दिसतच नाही, म्हणजे वाईटही वाटत नाही.”

हेमलताबाई भडकल्या. “लहानपणी, दोन हजार पंचवीस साली, तुझे खेळ मीही बंद केले होते. पण त्यांच्यावर कुलूप दिसायचं, वय लिहिलेलं असायचं. तू भांडायचास, मी कारण सांगायचे. तुम्ही मेल्यांनो दारच लिंपून टाकलंत, आणि वर म्हणता, इथे भिंतच होती!”

“अगं, खेळ आहे जागेवर. माझ्या फोनवर दाखवतो.” त्याने नाव टाकलं. मग परत टाकलं.

असा खेळ नाही.

श्रीरंगला नुकतीच पन्नास पूर्ण झाली होती, आणि हा नवा फोन त्याच्या लेकीने लावून दिला होता.

“बघत काय बसलास?” हेमलताबाई कडाडल्या. “हाक मार तिला. माझ्याशी भांडायचास ना, तसाच भांड!”