ग्राहकाशीच बोलायचं आहे

सांगितलं तर कोणी खरं मानणार नाही, मानूही नका. पण सत्तरीतल्या दसरूनं त्या दिवशी बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, पाळीवर उकिडवं बसून स्वतःच्याच बायकोचा आवाज काढला, आणि असा हुबेहूब काढला की पाण्यात बसलेल्या म्हशीनंही मान वर केली. बायको, सोमारी, हातभर अंतरावरच होती. तिला पत्ता नव्हता. तिला ऐकू येत नव्हतं.

"हो बाई, मीच सोमारी," दसरू स्पीकरवर लावलेल्या मोबाईलमध्ये म्हणाला.

मोबाईल शेजारच्या लटारूचा. गावात टॉवर येतो तो या पाळीवरच, म्हणून मोबाईलमागं लटारूही आला होता आणि तोंडात दुपट्टा कोंबून हसू दाबत होता.

फोनवरची पोरगी कुठल्याशा मोठ्या शहरातून बोलत होती. दुसऱ्या कंपनीचा माल ऑनलाइन स्वस्तात विकणारं तिचं दुकान. सोमारीच्या कानाची मशीन तिथूनच आली, वर्षभराच्या वॉरंटीसकट, आणि दोन महिन्यांत बंद पडली. मशीन बनवणाऱ्या कंपनीच्या चंद्रपूरच्या माणसानं डबीसुद्धा उघडून पाहिली नाही. ज्यानं विकली त्यालेच विचारा, म्हणाला. विकणाऱ्याचा वेगळाच हट्ट. मशीन सोमारीच्या नावावर आहे, तर तक्रारही सोमारीनंच बोलून सांगायची. तीनदा फोन आला, तीनदा दसरूनं सांगितलं की ती बहिरी आहे, तीनदा तिकडून तेच उत्तर: ग्राहकाशीच बोलायचं आहे. आजचा चौथा. आज नाही तर तक्रार बंद.

मशीनच्या बिलावर सोमारीचं नाव घालायला दसरूनंच लावलं होतं. कान तिचा, तर नावही तिचंच पाहिजे, म्हणे. घरात तिच्या नावानं आलेलं ते पहिलंच काही.

"काय अडचण आहे, मॅडम?"

मशीन बंद आहे, एवढं म्हटलं असतं तर भागलं असतं. पण वाघानं आपल्याजवळ बिडीसाठी विस्तव मागितला होता, हे चार बाजारांत सांगून झालेला माणूस तो. एवढ्यावर थांबतो कुठला.

"बाई, पहाटे मोहा वेचाले जावं लागते," तो सोमारीच्या आवाजात म्हणाला. "वाघ निघाला का वांदरं ओरडतात. मशीन होती तवा मले ऐकू ये, तं बाया मले संग नेत. आता म्हणतात, तुले हाका मारत बसू का आमी पळू? परवा तं वाघ माझ्या टोपल्यापाशीच येऊन बसला. मी आपली वेचून राह्यली. त्यानं पसाभर मोहा खाल्ला, त्याले चढली, तो तिथीच झोपला."

"दसरूभाऊ, वाघाले काऊन पाजून राह्यला?" लटारू कुजबुजला.

वाघ खोटा होता. बाकी सगळं खरं होतं. बायांनी सोमारीला नेणं बंद केलं होतं आणि चार दिवसांपासून ती टोपलं घेऊन एकटीच जाऊ लागली होती. दसरू दुखरे गुडघे घेऊन मागं जायचा, नाल्यापर्यंत पोचायचा, आणि तिथून तिला हाका मारायचा. कोणाला मारत होता कोण जाणे.

पलीकडं पोरगी चक्क हसली. तिचा आवाज मऊ झाला.

"मॅडम, मशीन आत्ता कानात आहे का?"

"नाई बाई, डबीत आहे."

"आणि मशीनशिवाय थोडं तरी ऐकू येतं?"

"थोडं कायचं? कानापाशी ढोल वाजवला तरी समजत नाई."



"मग मी विचारते ते कसं समजतंय तुम्हाला?"

लटारूचं हसू गेलं. दसरूनं मोबाईल तोंडाशी आणखी जवळ धरला.

"मी तिचा नवरा," तो आपल्या आवाजात म्हणाला. "ती इथीच आहे. वाघ सोडला तं सांगितलं ते खरंच आहे."

"फोन त्यांच्याकडं द्या." पोरीचा आवाज परत कोरडा झाला होता. "स्पीकर चालू ठेवा. आता मध्ये कोणी बोललं तर तक्रार रद्द होईल. रेकॉर्डिंग सुरू आहे."

दसरूनं मोबाईल सोमारीच्या हातात दिला. तिनं हात लुगड्याला पुसला, मोबाईल कानाला लावला आणि पदर सारखा केला. कुणी मोठं माणूस घरी आल्यासारखा.

बहिऱ्या माणसाला एक रीत लागून जाते. काय म्हणाले, असं एकदा विचारता येतं, दोनदा येतं. तिसऱ्यांदा लोक चिडतात. म्हणून समोरच्याचं बोलून होईपर्यंत थांबायचं, आणि हो म्हणायचं.

"सोमारीबाई, माझा आवाज येतोय का तुम्हाला?"

दसरू दोन्ही हात जोरजोरानं हलवू लागला. नाई, नाई म्हण. सोमारीला वाटलं, घाबरू नको म्हणतो. तिनं हसून मान हलवली. थोडी थांबली.

"हो बाई," ती म्हणाली.

"नीट ऐकू येतंय?"

"हो, हो. बढिया."

"धन्यवाद. तक्रार बंद करते."

फोन कटला. लटारू पाण्याकडं पाहू लागला. मोबाईल मागायचा धीर दोघांनाही झाला नाही. सोमारी तो कानाला धरून तशीच बसली होती, मान जराशी कलती करून. थोडं थांबायची, आणि परत हो म्हणायची.