मशीन बिघडलंय

“मशीन बिघडलंय,” रीहाम म्हणाली. “दुरुस्त करणारा कैरोहून यायचाय. तोवर आपल्याला सुट्टी.”

कौसर केस विंचरून, पर्स काखेत धरून दारात उभी होती. “एवढं मोठं मशीन, अन् बिघडलं?” तिने विचारलं. मग चपला काढल्या.

रीहामने आईची पर्स खुंटीला अडकवली.

आईचा आजार तिने लहानपणापासून पाहिला होता. कधी कौसर रात्र रात्र जागून शेजारणींचे झगे फुकट शिवायची, कधी महिनाभर अंथरूण सोडायची नाही. गोळ्यांनी ही वादळं शमली, पण डोक्याची धार काही परत आली नाही. मापं लक्षात राहीनात, बोलता बोलता शब्द हरवू लागले. अर्ध्या अलेक्झांड्रियाच्या नवऱ्यामुलींचे झगे बेतणाऱ्या बाईने कात्री कपाटात ठेवून दिली. म्हणून हे चुंबकाचे उपचार. कपाळाशी यंत्र धरायचं आणि त्याची टकटक ऐकत बसायचं. गुण येईलच असं नाही, पण करून बघू, असं डॉक्टर म्हणाले होते.

गुण आला, आणि तिथेच घोळ झाला. कौसरला शब्द सापडू लागले आणि सापडतील तसे ती ते वापरूही लागली. भाजीवाला असो की वरच्या मजल्यावरची शेजारीण, विचारेल त्याला ती सांगायची, “माझं डोकं दोन टोकांना धावतं हो, आता चुंबकाने ताळ्यावर येतंय.” अगदी टोमॅटोचा भाव सांगावा तसं.

आणि पुढच्या गुरुवारी मुअताजच्या घरचे फातिहा पढायला येणार होते. एकदा ही प्रार्थना पढली की रीहामचं त्याच्याशी लग्न पक्कं. मुअताजची आई, हाज्जा इनायात, हिने थोरल्या मुलाचं ठरत आलेलं लग्न मोडलं होतं, का, तर मुलीचा काका वेड्यांच्या इस्पितळात होता. “वेड रक्तातून उतरतं,” असं ती छातीठोकपणे सांगायची. म्हणून रीहामने बाल्कनीत उभं राहून मुअताजला फोनवर सांगून टाकलं होतं की आईला मागे पक्षाघाताचा झटका येऊन गेलाय. पक्षाघाताला कोणी नावं ठेवत नाही.

आता प्रश्न आईच्या जिभेचा होता. ती जेवढी बरी, तेवढा धोका मोठा.

“दुरुस्त झालं का गं?” रीहाम कामावर निघाली की कौसर विचारायची.

“नाही अजून.”

दवाखान्यातून साधा चौकशीचा फोनही आला नाही. रीहामला तेवढंच बरं वाटलं. बाकी मन तिला खात होतं. आईच्या डोक्यात कुठे उजेड पडत होता, आणि पोटच्या पोरीने स्वतःच्या लग्नासाठी दिवा विझवला होता.

गुरुवारी पाहुणे आले. “कशी आहे तब्येत, उम्म रीहाम?” हाज्जाने कौसरला विचारलं.

“बरी... ते आपलं... हे...” कौसर अडखळली आणि थांबलीच. दोन्ही हातांनी धरूनही तिचा कप थरथरत होता. चहा बशीत सांडला. “मुलाचं नाव काय म्हणालात?”

“मुअताज,” हाज्जा म्हणाली.

थोड्या वेळाने कौसरने पुन्हा तेच विचारलं. कौसरच्या भावाने, सब्रीमामाने, मान खाली घातली. हाज्जा मात्र विरघळली. तिने कौसरच्या हातातला कप काढून घेतला, स्वतःच्या रुमालाने तिचे हात पुसले. “झटका जबर दिसतोय गं बिचारीचा. माझ्या बहिणीचंही असंच झालं होतं. काळजी करू नका, तुमची लेक ती माझी लेक.”

सगळ्यांनी ओंजळी उघडल्या, फातिहा पढली गेली. शेजारणीने आनंदाची आरोळी ठोकली, गुलाबाचं सरबत फिरलं. रीहामने आपला ग्लास तसाच ठेवून दिला. काही दिवसांपूर्वी हीच बाई भाजीवाल्याशी घडाघडा बोलत होती.

पाहुणे जिना उतरले. कौसर स्वयंपाकघरात ग्लास विसळत होती. रीहाम तिच्यामागे जाऊन उभी राहिली आणि रडूच लागली.

“आई, मशीन बिघडलं नव्हतं. मी खोटं बोलले. माझ्यामुळे तू पुन्हा अशी झालीस. उद्याच जाऊ आपण दवाखान्यात.”

“उद्या शुक्रवार. बंद असतो दवाखाना,” कौसर म्हणाली. “शनिवारी जाईन. एकही दिवस चुकवलेला नाही मी. तू कामावर गेलीस की ट्रॅम पकडायचे.”

कौसरने ओला ग्लास रीहामच्या हातात दिला.

“पण पोरी, बाल्कनीतून त्या मुलाला झटक्याचं सांगितलंस, तेव्हा डावी बाजू की उजवी ते बोललीच नाहीस. म्हणून मी आपले दोन्ही हात थरथरवले.”