खड्ड्यातले पाय

साप मागाच्या खड्ड्यात उतरला, तेव्हा अनवरी पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती.

खड्ड्यात तिच्या नवऱ्याचे पाय होते. विणकर बसतो काठावर आणि पाय सोडतो खाली, पावड्यांवर. खलीलचंही तेच चाललं होतं. गिरणीचं लुगडं स्वस्त झाल्यापासून तो पाणी प्यायलाही जागचा उठत नसे. नजर विणीवर, हातात धोटा. खाली बघायची गरज त्याला कधी पडलीच नव्हती.

‘पाय हलवू नका.’ एवढंच ओरडायचं होतं तिला. शब्द घशापर्यंत आले आणि तिथंच बसले. एरवी या बाईची जीभ अख्खा काझीपुरा ओळखून होता. नळावर तिच्यापुढे कुणाचं काही चालत नसे. खलील तर म्हणायचा, माझ्या मागापेक्षा हिचाच आवाज मोठा. आणि आज नवऱ्याचा जीव जायची वेळ आली, तर हिची दातखीळ बसली. हात उचलेना, पाऊल उचलेना. सगळं दिसत होतं, सगळं कळत होतं, हेच भयंकर होतं.

“आणलंस का पाणी?” खलीलने मान वर न करता विचारलं.

खट्. डावी पावडी खाली गेली.

“अगं, कुणाशी बोलतोय मी?”

खट्. उजवी.

“बहिरी झालीस का?”

तो वैतागला. उठायला म्हणून त्याने हात जमिनीला टेकले, तिच्याकडे पाहिलं आणि तसाच राहिला. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. नजर त्याच्याकडे नव्हतीच, त्याच्या पायांकडे होती.

माग थांबला. बाहेर कल्हईवाल्याचा भाता चाललेला ऐकू येऊ लागला.

मग खलीलच्या उजव्या पायावरून काहीतरी गार सरकू लागलं. सावकाश. संपता संपेना. त्याने डोळे गच्च मिटून घेतले.

साप कोपऱ्यातून वर आला, भिंतीच्या कडेने गेला आणि मोरीच्या भोकात शिरला. शेपटी दिसेनाशी झाली तरी दोघं होती तशीच होती.

बऱ्याच वेळाने अनवरीच्या हातातून तांब्या निसटला.

“पाय हलवू नका,” ती म्हणाली.

खलीलने डोळे उघडले. “गेला ना तो?”

“गेला. मोरीतून गेला.”

“मग मला वर काढ.” त्याचा आवाज अगदी बारीक झाला होता. “पाय ऐकत नाहीत माझे.”

ती आली आणि त्याच खड्ड्यात उतरली. खाली वाकून तिने त्याचा एक पाय दोन्ही हातांनी उचलला, वर काठावर ठेवला. मग दुसरा. आणि तोंडाने तिचं सारखं चालूच होतं, “पाय हलवू नका. अजी, पाय हलवू नका.”